बियाण्याचे वाल

१४ जुलै १९८४, शनिवार. धान्याचे डबे खाली काढून तपासायचे होते.

पावसाळ्यात महिन्यातून एकदा हे काम मी करत असे. मुलुंडच्या आमच्या दोन खोल्या तळमजल्यावर होत्या आणि मागची भिंत जूनपासून गणपतीपर्यंत ओलीच राही. तांदळाला बोरिक पावडर, तूरडाळीला एरंडेल, गव्हात कडुलिंबाचा वाळलेला पाला. एवढं करूनही एखाद्या डब्यात पोरकिडे निघायचेच. कॉलेज अर्ध्या दिवसाचं होतं. दुपारची जेवणं झाल्यावर जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं आणि एकेक डबा उघडत गेले. सगळ्यात खालचा पितळी डबा शेवटी उघडला. त्यात आईचे वाल होते.

झाकण निघालं आणि वास आला. बघायच्या आधीच मला कळलं. घाटकोपरच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी अठरा वर्षं सहायक होते. बुरशीचा वास मला दुसऱ्या कुणी सांगायला नको. प्लॅस्टिकच्या पिशवीला आतून दव सुटलं होतं, आणि तळाच्या दाण्यांवर राखाडी-हिरवी लव चढली होती.

चूक माझीच होती. आई माघात गेली. त्या वर्षीचे वाल तेव्हा खळ्यावर होते, झोडपायचे बाकी. आमच्याकडे, पेणच्या पुढे, भात निघालं की त्याच खाचरात उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. कडवे वाल. खायचे वेगळे, बियाण्याचे वेगळे. बियाण्याचे आई स्वतः निवडायची, खालच्या कोपऱ्यातल्या वेलांवरचे, तिथेच वाळलेल्या शेंगांतले. मग चुलीवरच्या माळ्यावर आठ-दहा दिवस धूर द्यायचा, मडक्यात चाळलेली राख आणि वाल असे थर घालायचे, वर निर्गुडीचा पाला, आणि तोंड शेणमातीने लिंपून टाकायचं. ते कार्तिकात पेरणीलाच फुटायचं. लहानपणी मी एकदा ते उकरायला गेले, तर म्हणाली होती, "उघड, उघड. तुझं थोबाड बघून रुसतील, मग खा वर्षभर कुळीथ."

त्या वर्षी मडकं लिंपायला ती नव्हती. तेराव्याला दादाने राखेत घोळवलेले मापटंभर वाल फडक्यात बांधून माझ्याकडे दिले. बाकीचे त्याने पोत्यात भरले. मी ते डब्यात ठेवले, आणि मे महिन्यात साफसफाई करताना राख सगळ्या फडताळात सांडते म्हणून चाळून टाकून दिली. दाणे पुसून पुसून प्लॅस्टिकच्या पिशवीत भरले आणि रबर लावलं. प्लॅस्टिकची पिशवी तेव्हा मला फार शहाणी वस्तू वाटत असे.

दादाचं अंतर्देशीय आठवड्यापूर्वीच आलं होतं. पोत्यातल्या वालांना टोके लागले, एक दाणा धड राहिला नाही, असं त्याने लिहिलं होतं. तुझ्याकडचे आईने पेरलेल्यातले आहेत तेवढे सांभाळ, कार्तिकात घेऊन ये, पेरू. नाही जमलं तर मी बाजारातले आणून पेरीन. बस, एवढंच. बाजारातले वाल आकाराने मोठे असतात आणि शिजवले की त्यांचा लगदा होतो. आईचे बारीक, एका बाजूला दबलेले, सालीवर तांबूस झाक. कडूपणा जिभेला लागून लगेच निघून जायचा. हे बियाणं आईला तिच्या सासूने दिलेलं. ते आता फक्त माझ्या डब्यात होतं, आणि डब्यात बुरशी होती.

मी रडत बसले नाही. सुपात ओतले आणि निवडायला घेतले. लव चढलेले बाहेर, काळे पडलेले बाहेर, सुरकुतलेले बाहेर. चांगले दिसणारे मोजले, कारण मोजायची सवय. सहाशे बत्तीस. पण चांगला दिसणारा दाणा चांगला असतोच असं नाही. बुरशी सालीखाली बसलेली असते.

सोमवारी ते कागदी पुड्यात बांधून कॉलेजात नेले. विभागात एक तरुण मॅडम होत्या, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, प्रबंध लिहीत होत्या. विषय हाच: साठवणीतल्या बियाण्यांवरच्या बुरशीला वनस्पतींच्या अर्काने आळा घालता येतो का. औषधं विकत घेणं शेतकऱ्याला परवडत नाही, पाला बांधावर फुकट मिळतो, असं त्यांचं म्हणणं. दोन वर्षं त्यांच्यासाठी पाला मीच आणत होते. तुळस, कडुलिंब, घाणेरी, कण्हेर. निर्गुडी मुलुंड कॉलनीच्या मागे डोंगराखाली मिळायची. ती आणायला मी रविवारी पिशवी घेऊन जायची, तेव्हा शेजारणी विचारायच्या की कुणाचे गुडघे धरलेत.

काम सोपं होतं, पण नीट करावं लागे. पाला धुवायचा, तोलायचा, तितकंच पाणी घालून मिक्सरमधून काढायचा, मलमलीतून गाळायचा. त्या अर्कात बी भिजवायचं आणि काचेच्या बशीत ओल्या टिपकागदावर मांडायचं. सोबत एक बशी नुसत्या पाण्यात भिजवलेल्या बियांची. तिला आम्ही कंट्रोल म्हणायचो. सात दिवसांनी दोन्ही बशा सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या. किती दाण्यांवर बुरशी, किती दाणे रुजले, हे मी वहीत लिहायची. ज्वारी, मूग, भुईमूग, सगळ्यांचं करून झालं होतं. लसूण आणि निर्गुडी या दोघांनी सगळ्यांना मागे टाकलं होतं.

मॅडमनी माझे वाल हातात घेऊन बघितले. त्यांनी वाल कधी धरलेच नव्हते प्रयोगाला, त्यामुळे त्या खूश झाल्या. म्हणाल्या, आधी वीसच दाणे लावू ताई, दहा अर्काचे, दहा कंट्रोल.

निर्गुडी मी मिक्सरमध्ये घातली. शंभर वेळा घातली असेल. पण त्या दिवशी शेजारी पुड्यात ते वाल होते, आणि झाकण काढल्यावर जो वास वर आला तो आमच्या मडक्यांच्या खोलीचा होता. तिथे अंधारात हात घालून मी शेंगदाणे चोरायची आणि आई बाहेरूनच ओळखायची. मी मिक्सर तसाच ठेवून बाहेरच्या मोरीवर गेले आणि तिथल्या सगळ्या परीक्षानळ्या धुवून काढल्या. त्या आधीच धुतलेल्या होत्या.

सात दिवसांनी, २३ तारखेला, बशा उघडल्या. कंट्रोलमधल्या दहापैकी सात दाण्यांवर बुरशी, त्यातल्या चारांवर काळी. अर्काच्या बशीत एकाही दाण्यावर काही नाही. दहाही दाणे स्वच्छ, आणि दहांनाही पांढरेशुभ्र कोंब. मी वहीत लिहिलं: बुरशी शून्य, अंकुरण दहापैकी दहा. अक्षर जरा मोठंच आलं. मॅडमनी कँटीनमधून दोन चहा मागवले. तसं त्या कधी करत नसत.

मी म्हटलं, आजच सगळे करून टाकते.

त्या म्हणाल्या, करा, पण अर्धे तसेच ठेवा. काही झालं तर हाताशी असू देत.

म्हणणं बरोबर होतं. अठरा वर्षं मी पोरांना तेच सांगत आले होते, कंट्रोल ठेवल्याशिवाय प्रयोग नाही. पण मला समोर ते सात दाणे दिसत होते, बुरशीने भरलेले.

"मॅडम, हे आईचे वाल आहेत," मी म्हटलं. "यातले अर्धे मरायला नाही ठेवत मी."

त्या फक्त म्हणाल्या, वाळवा मात्र चांगले. मी हो म्हटलं.

लसणाचा आणि निर्गुडीचा अर्क एकत्र करून त्यात उरलेले सहाशे बारा दाणे टाकले. वालाची साल चिवट म्हणून दोन तासांऐवजी चार तास ठेवले. मग निथळून, ओल्या फडक्यात बांधून, पिशवीत घालून घरी आणले. आता हे वाचलं की कुणाच्याही लक्षात येईल. माझ्या आलं नाही.

घरी टॉवेलवर पसरले आणि पंखा लावला. ह्यांनी विक्रोळीहून कारखान्यातून आल्या आल्या नाक धरलं आणि विचारलं, चटणी वाटलीस की भिंत सारवलीस लसणाने? मंगळवारी पाऊस, बुधवारी पाऊस. ऊन नावालाही नाही. खोली एवढीशी, त्यामुळे टॉवेल दुमडून दाणे जवळजवळ लोटावे लागत. मी सकाळ-संध्याकाळ हात फिरवत होते. दाणे टपोरे दिसत होते, एकावरही बुरशी नव्हती, आणि मी समाधानात होते. मनात मी कार्तिकातल्या पेरणीला पोचले होते. खाचरात पहाटेची धुई, दादा पुढे नांगर धरून, आणि आईच्या जागी टोपली घेऊन मी. आईच्या जागी कुणाला तरी चालावंच लागणार होतं.

गुरुवारी सकाळी टॉवेल उलगडला तर दाण्यांची साल फाटली होती. प्रत्येकातून पांढरं टोक बाहेर आलं होतं.

माझा जन्म कडव्या वालांच्या गावात. वाल भिजत घालायचे, फडक्यात बांधून ठेवायचे, मोड आले की सोलून बिरडं करायचं. हे मी सातव्या वर्षापासून करत आले. कॉलेजात अर्क, मिश्रण, तास असे शब्द लावून मी तेच केलं होतं आणि मला कळलं नव्हतं. वहीत अंकुरण दहापैकी दहा लिहिताना तर मी चहा प्याले होते. मोड आलेला वाल पुन्हा डब्यात जात नाही. तो एक तर मातीत जातो, नाहीतर पातेल्यात. आणि कार्तिकाला अजून तीन महिने होते.

मूठभर दाणे रुमालात घेऊन कॉलेजला गेले आणि मॅडमच्या टेबलावर ठेवले. त्यांनी पाहिले.

"ताई," त्या म्हणाल्या, "दोन वर्षांत आपण एकदाही बी परत साठवून बघितलं नाही."

खरंच बघितलं नव्हतं. भिजवायचं, बशीत मांडायचं, मोजायचं आणि फेकायचं, असं आमचं चालायचं. प्रबंधाच्या नावात मात्र साठवण हा शब्द होता. मग त्या विचारायला लागल्या, तुमच्या आई अर्क करायच्या का? मी सांगितलं, आईने बियाण्याला पाण्याचं बोटसुद्धा लागू दिलं नाही. पाला सुकाच. मॅडम लिहून घेत होत्या. मला त्यांचा राग आला नाही, पण त्या लिहून घेताना तिथे थांबावंसं वाटलं नाही. मी आईचं बोलणं सांगत होते आणि ते टिपणवहीत जात होतं, आणि आईला विचारायच्या अशा अजून चाळीस गोष्टी मला त्या क्षणी आठवत होत्या. राख कसली घ्यायची, भाताच्या तुसाची की लाकडाची, एवढंसुद्धा मला ठाऊक नव्हतं.

त्या संध्याकाळी हे घरी आले तेव्हा मी टॉवेलसमोर बसले होते. हे मालवणकडचे. आमच्या कडव्या वालांची त्यांनी वीस वर्षं टिंगल केली आणि दर वेळी दोनदा वाढून घेतलं. आत येऊन त्यांनी मोड पाहिले.

"आज बिरड्याचो बेत आसा काय गो?"

मी मान वर केली. मग त्यांनाही कळलं. चप्पल काढून ते माझ्यासमोर खाली बसले. दोन-चार दाणे उचलून बघितले, परत ठेवले.

"कर बिरडं," ते म्हणाले. "बियाणं तर गेलंच. निदान तू खा एकदा. माघापासून घरात वाल शिजला नाहीये. मी गप्प बसलो, एवढंच."

ते बरोबर होतं. मार्चपासून मी बाजारातले आणले नव्हते आणि डब्यातले काढले नव्हते. खावेसे मात्र वाटायचे. बाकीच्या बायकांना सणावारी आई आठवत असेल, मला बुधवारी, डब्याला काय करायचं हा प्रश्न पडला की आठवायची. आणि हे वाल शिजवायचे तर शेवटचे. त्यानंतर दादा बाजारातले पेरणार आणि आमच्याकडच्या वालाची चव कशी होती हे दोन-चार माणसांनाच माहीत असणार.

उठून पाणी कोमट केलं. मूठभर दाणे त्यात टाकले आणि सोलायला बसले. अंगठ्याने दाबला की दाणा सालीतून सटकतो, पांढरट हिरवा, गुळगुळीत. एक तोंडात टाकला. लसणाची चव होती, तिच्या मागून तो कडूपणा आला आणि निघून गेला. मी आणखी सोलले. अकरा झाले आणि माझा हात थांबला, कारण सोललेला वाल पेरता येत नाही. बाकीचे सहाशे अजून सोललेले नव्हते.

पावसाळ्यात वाल पेरत नाहीत, कारण खाचरात गुडघाभर पाणी असतं. पण पाणी खाचरात असतं, बांधावर नसतं. बांधावर आमच्याकडे तूर लावतात. वाल तिथे कुणी लावलेला मी पाहिला नव्हता. म्हणजे लागणारच नाही, असं काही नाही. पावसाने कुजतील, किंवा नुसता पाला वाढेल, किंवा थंडीपर्यंत तग धरला तर फुलतीलही. कुणी करून बघितलेलं नव्हतं, एवढं मात्र नक्की.

ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, उद्या शुक्रवार आहे, कॉलेज आहे तुझं. मी म्हटलं, रजा. अठरा वर्षांत मी आजारपण आणि आईचे दिवस सोडून रजा घेतली नव्हती. अर्जावर कारण लिहायचं होतं, तिथे मी "घरगुती" लिहिलं. हे म्हणाले, दे इकडे, मी सकाळी एक स्टेशन पुढे जाऊन घाटकोपरला देऊन येतो. सोललेले अकरा दाणे मी आमटीत टाकले.

खरं सांगायचं तर तेराव्यानंतर मी गावाला गेलेच नव्हते. मे महिन्यात दादाने दोनदा बोलावलं होतं. मी परीक्षांचं कारण दिलं, मग पाहुण्यांचं. कार्तिकात जाऊ, बियाणं घेऊनच जाऊ, असं ठरवून मी ते पुढे ढकललं होतं. मोड आलेले वाल मात्र थांबणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोड आलेले दाणे ओल्या फडक्यात सैल बांधले, वर केळीचं पान गुंडाळलं, आणि ठाण्याला जाऊन पेणवरून पुढे जाणारी पहिली एसटी पकडली. फडकं सगळी वाट मांडीवर होतं, पिशवीत ठेवलं तर दबले असते. फाट्यावर उतरले तेव्हा दहा वाजत आले होते. घर वाटेतच लागतं. दार उघडं होतं, आत वहिनीचा आवाज होता. मी थांबले नाही, तशीच शेताकडे गेले.

दादा खालच्या खाचराच्या बांधाला माती लावत होता. मला पाहून त्याने फावडं टेकवलं.

"बाय, कार्तिक लागायला तीन महिने आहेत."

"ते वालांना सांग," मी म्हटलं आणि फडकं उघडून दाखवलं.

तो वाकून बघत राहिला. एक दाणा उचलून वासही घेतला, लसणाच्या वासाने नाक मुरडलं, पण विचारलं काही नाही. बुरशी, पिशवी, अर्क, सगळं मीच घडाघडा सांगून टाकलं. तो म्हणाला, आई असती तर दोघांच्याही पाठीत घातलं असतं, पोत्यात भरले म्हणून मला आणि आंघोळ घातली म्हणून तुला. मग हिरड्याची एक काठी कापून त्याने तिला टोक काढलं.

तो पुढे भोक पाडत गेला. मी मागून दोन-दोन दाणे टाकत होते, कोंब खाली करून, आणि बोटाने माती लोटत होते. पाऊस होता, पण भुरभुर. पदर कमरेला खोचला होता तरी भिजलाच. खालचा बांध संपला तेव्हा फडक्यात निम्म्याहून जास्त दाणे शिल्लक होते, म्हणून आम्ही वरच्या बांधाला लागलो.